पोटगी थांबविण्याची विनंती आणि मुलाचा हक्क

घटस्फोट होऊन तीन-चार वर्षे लोटलेली असतात. मूल आईपाशी वाढत असते आणि न्यायालयाने ठरवून दिलेली पोटगीची रक्कम वडिलांकडून दरमहा येत असते. मग एके दिवशी पूर्वीच्या पतीचे पत्र येते. पत्राचा सूर बहुधा नम्र असतो. परिस्थिती पालटली आहे, ओढाताण होत आहे, तेव्हा पुढील महिन्यापासून मुलाची पोटगी बंद करण्यास संमती द्यावी, कोर्टकचेरीची दगदग दोघांनाही नको, अशी विनंती त्यात असते. हल्ली ती कागदावरच येईल असे नाही. भ्रमणध्वनीवरील चार ओळींच्या संदेशातूनही येते. या विनंतीला काय उत्तर द्यावे, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

पोटगी कशी मिळवावी याविषयी आपल्याकडे पुष्कळ सांगितले जाते. मिळत असलेली पोटगी सोडून देण्याची गळ पडली असता काय करावे, याची चर्चा त्या मानाने थोडी होते. वास्तविक हा प्रसंगही कसोटीचाच असतो. कारण त्या वेळी समोर न्यायाधीश नसतो, वकील नसतो. असते ते फक्त पत्र, आणि ते वाचणारी एकटी स्त्री.

अशा पत्राला दोन प्रकारची उत्तरे सहज सुचतात. पहिले उत्तर रागाचे. मागील सर्व अपमान वर येतात आणि एका पैशाचीही सूट मिळणार नाही असे कडक शब्दांत लिहिले जाते. दुसरे उत्तर स्वाभिमानाचे. "तुमच्या पैशांवाचून आमचे अडलेले नाही," असे लिहून विषय मिटविला जातो. पूर्वीच्या संसाराचा शेवटचा धागा तुटला म्हणून सुटकेचा श्वासही टाकला जातो. दोन्ही उत्तरे मनुष्यस्वभावाला धरून आहेत. परंतु दोहोंच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. दोहोंत ती रक्कम आईची समजली गेली आहे. ती आईच्या हाती येते एवढेच. ती आहे मुलाची.

हा केवळ सद्विचार नव्हे. आपल्या देशातील कायद्याची ती स्पष्ट भूमिका आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ४८८ अन्वये पत्नीची व मुलांची हेळसांड करणाऱ्या पुरुषाला पोटगी देण्याचा हुकूम करता येत असे. १९७३ च्या संहितेत तीच तरतूद विस्तृत स्वरूपात कलम १२५ म्हणून आली. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ अमलात आली असून तिच्यातील कलम १४४ ने आता कलम १२५ ची जागा घेतली आहे. या तिन्ही कायद्यांत पत्नी आणि मूल यांचा उल्लेख वेगवेगळा आहे. मूल औरस असो वा अनौरस, त्याला स्वतःचा निर्वाह करता येत नसेल आणि पुरेशी साधने असलेली व्यक्ती त्याची उपेक्षा करीत असेल, तर त्याला स्वतंत्रपणे पोटगी मागता येते. १९७३ च्या संहितेत पोटगीला दरमहा ५०० रुपयांची मर्यादा होती. ही मर्यादा साऱ्या कुटुंबाला मिळून आहे की प्रत्येकाला स्वतंत्र, असा प्रश्न निघाला, तेव्हा १९७८ मध्ये न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मर्यादा प्रत्येक हक्कदाराला वेगवेगळी लागू होते. पुढे २००१ मध्ये ही मर्यादा संसदेने काढूनच टाकली.

ही तरतूद सर्व धर्मीयांना लागू आहे. १९८५ च्या शाहबानो निकालानंतर १९८६ मध्ये घटस्फोटित मुस्लिम स्त्रियांसाठी स्वतंत्र कायदा झाला, तेव्हा मुलांच्या हक्काचे काय, असा प्रश्न उभा राहिला. १९९७ मध्ये नूर सबा खातून यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, मुलांचा कलम १२५ खालील हक्क स्वतंत्र आहे आणि आईसंबंधीच्या कायद्याने तो कमी होत नाही. हिंदूंच्या बाबतीत १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाचे कलम २० पिता आणि माता या दोघांवरही मुलांच्या निर्वाहाचे उत्तरदायित्व टाकते. विशेष विवाह अधिनियमात तसेच ख्रिस्ती व पारशी समाजांच्या विवाहविषयक कायद्यांतही अज्ञान मुलांच्या निर्वाहाची तरतूद आहे. बालहक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला. मातापित्यांकडून मुलाचा निर्वाहखर्च वसूल होईल अशी व्यवस्था करणे हे त्या करारानुसार राज्यसंस्थेचे कर्तव्य आहे.

यावरून आईची भूमिका निश्चित होते. ती मुलाच्या धनाची विश्वस्त आहे. विश्वस्ताला दुसऱ्याचे धन रागाने उधळता येत नाही, तसे औदार्याने वाटूनही टाकता येत नाही. त्याचबरोबर विश्वस्ताने सूडबुद्धीनेही वागू नये. समोरच्याची अडचण खरी असेल तर ती तपासून पाहणे हाही त्याच्या कर्तव्याचाच भाग असतो. पत्राला उत्तर देताना ही एक गोष्ट मनाशी धरली, म्हणजे पुढील पुष्कळसे प्रश्न सोपे होतात.

आता अशा पत्रांत जी कारणे पुढे केली जातात त्यांचा एकेक करून विचार करू.

पहिले कारण उत्पन्न घटल्याचे. नोकरी सुटली, धंदा बसला, आजारपण आले. हे कारण खरे असू शकते, आणि खरे असेल तर कायदा त्याची दखल घेतो. जुन्या संहितेच्या कलम १२७ मध्ये आणि नव्या संहितेच्या कलम १४६ मध्ये अशी तरतूद आहे की, परिस्थितीत बदल झाल्याचे सिद्ध झाल्यास न्यायालयाला पोटगीची रक्कम कमी करता येते आणि वाढविताही येते. परंतु घट ही पुराव्याने दाखवावी लागते. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात सैन्यातील पती निवृत्त झाला म्हणून उच्च न्यायालयाने पत्नीची पोटगी दरमहा ४,००० रुपयांवरून २,००० रुपयांवर आणली होती. सर्वोच्च न्यायालयाने मूळची रक्कम कायम केली. धडधाकट माणसाला कमावण्याचे कर्तव्य टाळता येत नाही, हे तत्त्व न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. २०२२ च्या एका निकालात तर शारीरिक श्रम करूनही पत्नी व अज्ञान मुले यांचा निर्वाह केला पाहिजे असे म्हटले आहे. कर्जाचे हप्ते हीदेखील सांगितली जाणारी एक अडचण आहे. त्याविषयी दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० बोलके आहे. साध्या पैशाच्या हुकूमनाम्यात ऋणकोच्या पगारातील पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश भाग जप्तीपासून सुरक्षित राहतो. पोटगीच्या हुकूमनाम्यात मात्र पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग सुरक्षित असतो. सावकाराच्या आणि बँकेच्या आधी मुलाच्या ताटाचा विचार करावा, असा त्याचा अर्थ आहे.

दुसरे कारण दुसऱ्या संसाराचे. पित्याने पुनर्विवाह केला, नवीन मूल झाले, खर्च वाढला. येथेही न्यायबुद्धीने विचार केला पाहिजे. नव्या मुलाचा काहीच अपराध नाही आणि त्याचाही हक्क तितकाच आहे. पोटगीची रक्कम ठरविताना न्यायालये पित्यावर अवलंबून असलेल्या इतर व्यक्तींचाही विचार करतात. परंतु दोन मुलांचा हक्क समान आहे, याचा अर्थ थोरल्याचा हक्क संपला असा होत नाही. रक्कम किंचित कमी करावी, हा युक्तिवाद ऐकून घेण्याजोगा आहे. ती बंदच करावी, हा नाही.

तिसरे कारण आई कमावती झाल्याचे. मुलाच्या निर्वाहाचे उत्तरदायित्व दोघांचे आहे हे खरेच आहे. २००० मधील एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने मातापिता दोघेही नोकरी करीत असताना मुलांचा खर्च त्यांनी आपापल्या मिळकतीच्या प्रमाणात उचलावा, असे ठरविले. आईच्या मिळकतीने पित्याचा वाटा कमी होऊ शकतो. तो नाहीसा होत नाही. शिवाय मुलाला रोज डबा करून देणे, त्याच्या तापात रात्र जागणे, शाळेच्या बैठकीसाठी अर्ध्या दिवसाचा पगार सोडणे, ही जी भर आई घालते, तिची नोंद कोणत्याही बँकेच्या पुस्तकात होत नाही.

चौथे कारण आईच्या पुनर्विवाहाचे. घटस्फोटित स्त्रीने पुन्हा लग्न केले तर तिची स्वतःची पोटगी त्या दिवसापासून रद्द होऊ शकते, अशी तरतूद आहे. ही तरतूद तिच्यापुरती आहे, मुलाला ती लागू नाही. आईच्या नव्या पतीने मुलाला माया लावली, त्याची शाळेची फी भरली, तरी जन्मदात्याचे कर्तव्य त्यामुळे फिटत नाही. मुलाचे कायद्याने रीतसर दत्तविधान झाले असेल, तर गोष्ट वेगळी.

पाचवे कारण भेटीचे. "मुलाला भेटू देत नाही, मग पैसे कशाचे?" असा प्रश्न अनेक पत्रांत असतो, आणि कित्येकदा त्यामागे खरी वेदनाही असते. पित्याला मुलाची भेट नाकारली जात असेल तर तो अन्याय आहे, आणि त्याबद्दल त्याने न्यायालयाकडे दाद मागावी. परंतु भेट आणि पोटगी यांचा सौदा होऊ शकत नाही. आईने पोटगी थकली म्हणून भेट बंद करू नये आणि पित्याने भेट होत नाही म्हणून पोटगी रोखू नये. दोन्ही बाबतींत शिक्षा होते ती मुलालाच. पतिपत्नींमध्ये वाद कोणताही असो, मुलगा सज्ञान होईपर्यंत त्याच्या निर्वाहाच्या उत्तरदायित्वातून पित्याची सुटका होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये एका सैनिकी अधिकाऱ्याच्या प्रकरणात बजावले. त्या प्रकरणात घटस्फोट कायम केला गेला. मुलासाठी मात्र दरमहा ५०,००० रुपये देण्याचा हुकूम झाला.

सहावे कारण मूल मोठे झाल्याचे. यात मात्र कायद्याचे बारकावे आहेत. फौजदारी संहितेखालील मुलाचा हक्क सामान्यतः १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत असतो. शारीरिक वा मानसिक अपंगत्वामुळे निर्वाह करता येत नसेल तर तो पुढेही चालू राहतो. हिंदू मुलीच्या बाबतीत १९५६ च्या अधिनियमाने ती अविवाहित असेपर्यंत आणि स्वतःच्या मिळकतीतून वा मालमत्तेतून निर्वाह करू शकत नसेल तोपर्यंत हक्क दिला आहे. सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या दोन हक्कांतील फरक उलगडून सांगितला. सज्ञान, अविवाहित आणि निर्व्यंग मुलीला कलम १२५ खाली दंडाधिकाऱ्याकडे पोटगी मागता येत नसली, तरी १९५६ च्या अधिनियमाखाली तिला दावा करता येतो, असा त्याचा आशय होता. मुलाच्या बाबतीतही, २०२१ मध्ये एका प्रकरणात त्याच न्यायालयाने पहिली पदवी मिळेपर्यंत पित्याने खर्च द्यावा असा हुकूम दिला. तेव्हा अठरावा वाढदिवस आला एवढ्यावरून होकार कळवू नये. प्रथम मूळ हुकूमनामा काढून त्यातील शब्द वाचावेत. तो कोणत्या कायद्याखाली आहे, मुदत कोणती लिहिली आहे, शिक्षणाचा स्वतंत्र उल्लेख आहे काय, हे पाहावे. कारण खरोखरच संपले असेल तर ते मान्य करण्यात कमीपणा नाही.

कारणांचा विचार झाला. आता कार्यपद्धतीचा विचार करू, कारण पुष्कळदा नुकसान होते ते येथेच.

न्यायालयाचा हुकूम खाजगी पत्राने बदलत नाही, ही पहिली गोष्ट. ज्याला बदल हवा त्याने न्यायालयात अर्ज केला पाहिजे. ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या सर्व प्रकरणांसाठी देशभर लागू होणारी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांनुसार दोन्ही पक्षांनी आपली मिळकत, मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र दाखल करावे लागते. आणि पूर्वीच्या हुकमात बदल हवा असेल तर तो ज्या प्रकरणात हुकूम झाला त्याच प्रकरणात मागावा लागतो. पत्रात "माझे उत्पन्न काही उरले नाही" असे लिहिणे सोपे असते. तेच शपथेवर, आकड्यांसह लिहावयाचे झाले म्हणजे भाषा बदलते. पोटगी बंद करण्याची विनंती करणाऱ्याला न्यायालयाचा मार्ग दाखविणे म्हणजे भांडण उकरून काढणे नव्हे. ज्याची अडचण खरी आहे त्याचाही त्यात फायदाच आहे. कारण तोंडी तडजोडीवर विसंबून पैसे थांबविले तर त्याच्या डोक्यावर थकबाकी साचत जाते.

दुसरी गोष्ट मुदतीची, आणि ती प्रत्येक आईने ध्यानात ठेवावी. फौजदारी संहितेखालील पोटगी थकली तर न्यायालय वसुलीचे वॉरंट काढू शकते, आणि तरीही रक्कम न भरल्यास थकलेल्या प्रत्येक महिन्याबद्दल एक महिन्यापर्यंत कारावास देऊ शकते. परंतु वसुलीसाठीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. "थोडे दिवस थांब, पुढे सगळे एकदम देतो," या आश्वासनावर दोन वर्षे काढणारी स्त्री पहिल्या वर्षाची रक्कम या मार्गाने वसूल करण्याची संधी गमावून बसते. मूळ हक्क त्यामुळे नष्ट होत नाही, वसुलीचे इतर मार्ग खुले राहतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे; पण ते मार्ग लांबचे असतात. कारावास भोगला म्हणून थकबाकी फिटत नाही, हेही त्याच न्यायालयाने १९८९ मध्येच सांगून ठेवले आहे.

तिसरी गोष्ट लेखी सोडचिठ्ठ्यांची. विनंतीच्या पत्राबरोबर कधी कधी एक तयार मसुदाही येतो: "यापुढे मुलासाठी कसलीही मागणी करणार नाही." त्यावर सही करू नये. २०१३ मधील एका प्रकरणात पत्नीने ८,००० रुपये एकदम घेऊन पुढील पोटगीचा हक्क सोडल्याची तडजोड झाली होती. अशा तडजोडीमुळे १९५६ च्या अधिनियमाखालील तिचा दावा अडत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. जेथे स्वतःचा हक्कदेखील असा कायमचा सोडता येत नाही, तेथे मुलाचा हक्क आईने परस्पर सोडणे अधिकच अयोग्य. तरीही अशी सही झालेला कागद पुढे दहा वेळा दाखविला जातो आणि त्याचे स्पष्टीकरण देण्यात वेळ व पैसा खर्च होतो, हा व्यवहार आहे.

मग उत्तर लिहावयाचे ते कसे? ते लेखी असावे, तारीखवार असावे, आणि त्याची प्रत व पोहोच जपून ठेवावी. जुन्या गोष्टी उगाळू नयेत. हे पत्र उद्या न्यायाधीशाच्या हाती जाऊ शकते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काही वर्षांनी ते मुलाच्या हाती पडू शकते. नमुन्यादाखल असा मजकूर पुरेसा होईल:

"आपले दिनांक अमुकचे पत्र मिळाले. आपल्या अडचणीविषयी वाचले. मुलाची पोटगी न्यायालयाच्या हुकमाने ठरली असून ती त्याच्या हक्काची आहे. ती बंद करण्यास संमती देण्याचा अधिकार मला नाही. आपल्या उत्पन्नात घट झाली असल्यास त्याचे कागदपत्र पाठवावेत. मी ते लक्षपूर्वक पाहीन. आपण रक्कम कमी करण्यासाठी न्यायालयात अर्ज केल्यास मुलाचा सध्याचा खर्च मीही तेथे मांडीन. तोपर्यंत हुकमाप्रमाणे रक्कम पाठवीत राहावी. मुलाच्या भेटीगाठी ठरल्याप्रमाणे चालू राहतील. त्यांचा या विषयाशी संबंध नाही."

या पत्रात नकार आहे, परंतु दार लावून घेतलेले नाही. पाठविलेल्या कागदपत्रांवरून अडचण खरी व तात्पुरती आहे असे दिसले तर आईला मर्यादित सवलत देता येते. उदाहरणार्थ, तीन महिने अर्धी रक्कम द्यावी आणि उरलेली पुढील सहा महिन्यांत समान हप्त्यांनी फेडावी, असे ठरविता येईल. ही सवलत आहे, हक्कत्याग नव्हे, असे त्यात स्पष्ट लिहावे. आणि वर सांगितलेली एका वर्षाची मुदत ओलांडली जाणार नाही अशा बेताने तारखा घालाव्यात. अडचण दीर्घकाळाची असेल तर दोघांनी मिळून न्यायालयापुढे जावे व नवी रक्कम मंजूर करून घ्यावी. १९८४ च्या कुटुंब न्यायालय अधिनियमाने समेटासाठी प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्यच ठरविले आहे आणि तेथे समुपदेशकाचे साहाय्यही मिळते. वकिलाचा खर्च परवडत नसल्यास, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार स्त्रिया व मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधिसाहाय्य मिळू शकते. त्यासाठी जिल्हा किंवा तालुका पातळीवरील विधी सेवा कार्यालयाकडे अर्ज करावा.

उत्तर लिहिण्यापूर्वी एक छोटी तयारी मात्र घरीच करावी. मुलाचा महिन्याचा खर्च एका वहीत मांडावा: घरभाड्यातील त्याचा वाटा, अन्न, कपडे, शाळेची फी, वह्यापुस्तके, बस, डॉक्टर. सणासुदीचे व वर्षातून एकदाच येणारे खर्च बाराने भागून लिहावेत. या वहीचे दोन उपयोग होतात. न्यायालयात ती पुरावा म्हणून उपयोगी पडते. आणि घरी ती स्वाभिमानाच्या भरात घेतल्या जाणाऱ्या निर्णयाला आळा घालते. रक्कम सोडून देण्याचे शब्द ओठांवर आले असता, वहीतील कोणती ओळ त्यामुळे खोडावी लागेल, हे पाहावे. ती ओळ शाळेच्या सहलीची असते, दातांच्या डॉक्टरची असते, पुढील वर्षीच्या शिकवणीची असते. आईचा स्वाभिमान आणि मुलाची सहल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शेवटचा मुद्दा मुलाविषयी. या पत्रव्यवहारात त्याला निरोप्या करू नये. "वडिलांना विचार, पैसे का पाठविले नाहीत," हे वाक्य आईच्या तोंडून सहज निघते, आणि "आईला सांग, आता जमणार नाही," हे पित्याच्या. दोन्ही वाक्यांनी मुलाला एकच गोष्ट कळते, की आपण कोणाला तरी जड झालो आहोत. समजत्या वयाच्या मुलाने विचारलेच, तर त्याला खरे सांगावे, पण मोजके सांगावे: खर्चाविषयी मोठ्या माणसांत बोलणे चालले आहे, आणि त्याच्या शाळेचे व जेवणाखाणाचे ठरल्याप्रमाणे चालू राहील.

येथे जे आईविषयी सांगितले ते, मूल पित्यापाशी राहत असून आई पोटगी देत असेल तर, पित्यालाही तितकेच लागू आहे. कायद्याने उत्तरदायित्व टाकले आहे ते साधने असलेल्या पालकावर, आणि विश्वस्तपण येते ते मूल ज्याच्यापाशी राहते त्याच्याकडे. पोटगी बंद करण्याची विनंती ज्या कोणाच्या हाती पडेल, त्याने उत्तर लिहिण्याआधी पत्र एक रात्र बाजूला ठेवावे, हुकूमनामा व खर्चाची वही समोर घ्यावी, आणि मुलाच्या वतीने लिहीत आहोत या जाणिवेने लिहावे. असे उत्तर सौम्य असले तरी दुबळे होत नाही.